बाजूच्या खोलीतलं गणित

अंथुर्ण्याच्या युवराजला आयुष्यात एकच कल्पना सुचली, आणि ती नेमकी बायकांच्या विषयातली निघाली.

एरवी युवराज कल्पना वगैरे सुचणाऱ्यांतला नव्हता. नाव युवराज असलं तरी चार गाई, एक ट्रॅक्टर आणि उसाला पाणी द्यायची पाळी एवढंच त्याचं राज्य. शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे काय, तर मास्तरांनी एकदा 'एक्स म्हणजे किती?' असं विचारलं, युवराजनं मान खाली घातली आणि ती वर काढायची राहूनच गेली. (ज्याची किंमत खुद्द मास्तरांना माहीत नाही ती आपण सांगणं बरं दिसत नाही, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटतं.) स्वभावानं इतका लाजाळू की डेअरीवर दुधाला फॅट कमी लावली तरी 'असू दे' म्हणून किटली घेऊन परत यायचा.

अशा माणसाला बायको मिळाली ती बारावी सायन्सची. संस्कृती कऱ्हाटीची. युवराजची शकुआत्या कऱ्हाटीतच दिलेली, तिनंच हे स्थळ आणलं. संस्कृतीचे बारावीचे बाकी सगळे विषय सुटले होते, गणित तेवढं थोडक्यात राहिलं होतं. ते सुटलं तर बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या बी.एस्सी.ला जायचं, ही तिची इच्छा. सुपारी फुटताना तिच्या वडिलांनी भीत भीत विषय काढला, तेव्हा युवराजचे वडील सावळाराम, म्हणजे आबा, टोपी सरळ करून म्हणाले होते, "एकदा बसू द्या तिला. सुटलं तर कॉलेज. न्हाय सुटलं तर पुस्तक मिटायचं आन् परत नाव काढायचं न्हाय." आबांचा शब्द म्हणजे शब्द. दोन्ही बाजूंनी.

आता ती एकदाच द्यायची परीक्षा जवळ येत चालली होती आणि संस्कृतीला पुस्तक उघडायला सवड मिळत नव्हती. उजाडायच्या आत गोठा, मग चहा, मग भाकऱ्या. उसाला तोड आलेली, म्हणून रानात डबा. दुपारी भांडी, संध्याकाळी परत धारा. ती पुस्तक चुलीपाशी उघडं ठेवायची. एका हातानं आमटी ढवळायची, दुसऱ्या हातानं पान दाबून धरायची. मॅट्रिक्सच्या धड्यात हळद भरपूर उतरली होती, पण मॅट्रिक्स काही डोक्यात उतरत नव्हतं.

"अहो, माझं न्हाय व्हायचं," ती म्हणायची.

"व्हईल की," युवराज म्हणायचा. याहून मोठं वाक्य त्याच्याजवळ नव्हतं.

त्याच्या आईच्या, कुशाबाईच्या, घरात एक जुनी पद्धत होती. बाईला महिन्याची अडचण आली की तिनं चार दिवस बाजूला बसायचं. ओसरीच्या टोकाला एक छोटी खोली होती, तिथं. चुलीपाशी जायचं नाही, देवाला, दुधाला, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. ताट उंबऱ्यातून आत सरकवलं जायचं. चार दिवस झाले की डोक्यावरून न्हायचं आणि परत चूल धरायची. संस्कृतीला ही पद्धत मुळीच पटत नव्हती. पण जानेवारीच्या शेवटी ती बाजूला बसली आणि बाहेर आली ती अख्खं मॅट्रिक्स संपवून.

त्या दिवसांत युवराजनं एक गोष्ट पाहिली. ओसरीवरून जाताना दार अर्धं उघडं दिसायचं. संस्कृती भिंतीला टेकून बसलेली, केसांत पेन्सिल खोवलेली, दुसऱ्या पेन्सिलीनं भराभरा काहीतरी सोडवत असलेली. उत्तर जुळलं की एकटीच हसायची. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण असं हसताना त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. (त्याला त्या मॅट्रिक्सचा जरा हेवाच वाटला.)

आणि मग, चार दिवस संपून ती परत गोठ्यात आली त्या संध्याकाळी, युवराजला ती कल्पना सुचली. तो गाईच्या पलीकडं जाऊन उभा राहिला, म्हणजे तोंड दिसायला नको.

"काय गं," तो म्हणाला, "ते तुझं... परत कवा?"

"काय परत?"

"ते. बाजूचं."

"पुढच्या महिन्यात. का?"

"लवकर न्हाय का यायचं?"

संस्कृतीचा धारेचा हात थांबला. "अहो, ती काय एसटी हाय का, जादा सोडायला?"

"आली म्हणून सांगायचं," युवराज गाईच्या पाठीला म्हणाला. "कोन बघाय येतंय?"

संस्कृती इतकी हसली की चरवी हिंदकळली. मग ती परत धार काढायला लागली. 

"आईंना खोटं सांगायला मला न्हाय जमायचं," ती म्हणाली. "तुमी सांगणार का?"

"मी सांगतो की," युवराज म्हणाला.

एवढं बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलं ते त्याला कळलं. पण शब्द दिला होता, आणि तो काही झालं तरी आबांचा मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी कुशाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. युवराज तिच्याभोवती दोन घिरट्या घालून आला. तिसऱ्या घिरटीला त्यानं घसा खाकरला.

"आई, ती बाजूला बसलीय."

कुशाबाईचं सूप मधेच थांबलं. "कोन?"

"संस्कृती."

कुशाबाईनं लेकाकडं बघितलं. त्याचे कान जास्वंदीसारखे झाले होते.

"बरं," ती म्हणाली आणि परत पाखडायला लागली.

युवराज गोठ्यामागं जाऊन तोंडावर पाणी मारून आला. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. एवढ्या सफाईनं आजवर आपल्या घराण्यात कुणी काही केलं नसेल, असं त्याच्या मनात आलं. (ते खरंच होतं, पण त्याला वाटत होतं त्या अर्थानं नाही.)

संस्कृतीनं त्या चार दिवसांत डेरिव्हेटिव्ह संपवलं. ती चार दिवस चुलीपाशी वावरली न वावरली, तोच युवराज परत अंगणात गेला.

"आई, ती परत..."

"बरं," कुशाबाई म्हणाली. या वेळी तिनं सूपही थांबवलं नाही.

आईचं आता वय होत चाललंय, लक्षात राहत नाही, असं युवराजला वाटायला लागलं. एरवी बोटांवर गाईच्या विण्याचा हिशेब ठेवणारी बाई, तिला सुनेचा महिना लक्षात राहू नये? शिवाय ती विचित्रही वागत होती. एका दुपारी तिनं त्या खोलीतला मिणमिणता दिवा काढून तिथं मोठा बल्ब लावायला सांगितला. बाजूला बसलेल्या बाईला एवढा उजेड कशाला, हे युवराजला कळेना. ताटात भाकरीवर लोणी पडायला लागलं. शेजारच्या वाड्यात हळदीची गाणी लागली तेव्हा तर कुशाबाई स्वतः जाऊन आवाज कमी करायला सांगून आली. आपल्या आईला कानाचाही त्रास सुरू झाला की काय, या काळजीनं युवराज दिवसभर तिच्याशी मोठ्यानं बोलला.

बाजूला बसलेल्या बाईपासून नवऱ्यानंही लांब राहायचं असतं. खोटं असलं तरी दिसायला खरं दिसलं पाहिजे, म्हणून युवराज उंबऱ्याच्या अलीकडं भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचा आणि संस्कृती पलीकडं. मधे लाकडाचा उंबरा. लग्न झाल्यापासून ती दोघं एवढं कधीच बोलली नव्हती.

"आपलं फाट्याकडचं रान कसं हाय?" तिनं एकदा विचारलं.

"चांगलं हाय की. पाणी हाय."

"तसं न्हाय. आकार. एका बाजूला सरळ रस्ता आन् दुसऱ्या बाजूला कालव्याचा वाकडा फाटा. मग त्याचं क्षेत्रफळ कसं काढायचं?"

"तलाठ्याला इचारायचं."

"तलाठी रजेवर हाय."

युवराज विचारात पडला. हे नेहमीचंच होतं.

"त्यात सऱ्या पाडल्यात का न्हाय तुमी?" संस्कृती पेन्सिलीनं उंबऱ्यावर रेघा ओढत म्हणाली. "एक सरी म्हंजे एक पट्टी. कुठली आखूड, कुठली लांब. पट्टी जेवढी बारीक धराल तेवढी चूक कमी. सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली की झालं रान. ह्यालाच इंटिग्रेशन म्हणत्यात."

"एवढंच?"

"एवढंच."

युवराज शेंग हातात धरून फाट्याच्या दिशेनं बघत राहिला. "मग त्याला तसलं नाव कशाला ठेवलंय? मानूस घाबरतो की."

त्या दिवसापासून तो तिची सूत्रं धरायला लागला. म्हणजे पुस्तक त्याच्या हातात आणि म्हणायचं तिनं. अक्षरं त्याला लावून लावून वाचावी लागायची, पण ऐकून ऐकून त्याचंच पाठ व्हायला लागलं. ट्रॅक्टर चालवतानाही त्याच्या तोंडात साइन आणि कॉस असायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पेपरच्या आधीचा रविवार आला. पेपर मंगळवारी होता. संस्कृती अर्थातच बाजूला बसलेली होती. आणि आबा-कुशाबाईला बारामतीला लग्नाला जायचं होतं.

"भाकऱ्या तुला थापाय लागतील," कुशाबाई पदर खोचत म्हणाली.

"मला?"

"मग काय गाईला सांगू? ती तर बाजूला बसलीय." आणि ती तोंड फिरवून एसटीकडं चालायला लागली. तिचे खांदे हलताहेत असं युवराजला वाटलं. दम लागला असेल, असं तो समजला.

युवराज चुलीपुढं बसला. संस्कृती खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसली. मधे सगळी ओसरी.

"पाणी कडकडीत घ्या," ती तिथून म्हणाली.

"घेतलं. हात भाजला."

"हात नव्हतं घालायला सांगितलं. आता मळा. चांगलं मळा, न्हायतर कडा चिरत्यात. आन् थापताना कडेनं हात फिरवा."

पहिली भाकरी परातीतच राहिली. दुसरी तव्यावर पोचली, पण तिच्या एका अंगाला शेपूट फुटलं होतं आणि दुसऱ्या अंगाला दरी पडली होती. युवराजनं ती ताटात घालून ओसरी ओलांडून नेली आणि उंबऱ्यातून सरकवली. संस्कृतीनं ती उजेडाला धरून बघितली.

"ह्याचं क्षेत्रफळ पेपरात आलं ना," ती म्हणाली, "तर मी उठूनच येईन."

पण खाल्ली तिनं. सगळी.

तिसऱ्या भाकरीला युवराजला ठेका सापडला. थापायच्या ठेक्यावर तोंडात आपोआप सूत्रं यायला लागली. साइनचं इंटिग्रेशन, थाप, मायनस कॉस, थाप. डोळे मिटलेले, कोपरापर्यंत पीठ, तोंडानं जप. नेमक्या त्याच वेळी दारात शकुआत्या उभी राहिली.

शकुआत्याचं उजवं मनगट मुरगळून फडक्यात बांधलेलं होतं आणि ती चार दिवस माहेरी विसाव्याला आली होती. तिनं भाच्याकडं बघितलं, बाजूच्या खोलीतल्या संस्कृतीकडं बघितलं, आणि ओसरीवर बूड टेकलं.

"कशाचा जप करतोयस रं?"

"हे... तिच्यासाठी," युवराज म्हणाला. आणि हे मात्र खोटं नव्हतं.

शकुआत्याला भरून आलं. बायकोसाठी चुलीपुढं बसून जप करणारा गडी तिनं पहिल्यांदाच बघितला. पण पुढच्याच क्षणी तिच्या कपाळावर आठी पडली. "पर तिला झालंय काय? मागं मी आले तवा ही बाजूला. परवा फोन केला तवा तू म्हणालास, बाजूला हाय. आज बी बाजूला?"

युवराजनं चौथ्या भाकरीत डोकं घातलं.

"असं सारखं सारखं बरं न्हाय," शकुआत्या म्हणाली. "अंगात रगात ऱ्हाईल का पोरीच्या? हे गणितानं झालंय. डोकं तापलं की अंग तापतं. पोर मी आणलीय ह्या घरात, तिच्या आईला काय तोंड दावू?"

संध्याकाळी आबा आणि कुशाबाई लग्नाहून आले, तेव्हा शकुआत्या आबांच्या पुढ्यातच जाऊन बसली. भावाशी असले विषय बोलायचे नसतात, पण तिला आता राहवत नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. आबांनी मान खाली घालून ऐकलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"उद्या तिला इंदापूरला डॉक्टरीणबाईकडं न्यायचं," ते म्हणाले. "मी शेजारची जीप मागतो. आन् मंगळवारचा पेपर राहू द्या."

"आबा, पर..." युवराज म्हणाला.

"पोरीच्या जिवापरीस गणित मोठं न्हाय." आबा हे इतक्या मायेनं बोलले की त्याच्यापुढं काही बोलताच येईना. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाजूच्या खोलीत कागदावर पेन्सिलीचा आवाज येत होता. तो थांबला. युवराजला तो थांबलेला स्पष्ट ऐकू आला.

तो उंबऱ्यापाशी गेला. संस्कृतीनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले होते.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमी काय बोलू नका आबांपुढं. तुमाला न्हाय जमायचं."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच त्याची काळजी वाटून म्हटलं होतं. म्हणूनच युवराजला ते जास्त लागलं.

धारा काढताना आबा शेजारच्याच गाईपाशी होते. युवराजनं मनात सगळं वाक्य जुळवलं. "आबा," तो म्हणाला.

"काय?"

"पेंड संपत आलीय."

"आणू," आबा म्हणाले.

सकाळी जीप दारात लागली. आबांनी सुनेला बसायला मागं गोधडी अंथरली होती. शकुआत्या चांगल्या हातात पाण्याची बाटली धरून तयार होती. कुशाबाई ओसरीवर चुलीपाशी चहा गाळत होती. संस्कृती खोलीच्या दारात उभी होती, आणि तिच्या केसांत पेन्सिल नव्हती.

ते बघितलं आणि युवराजच्या तोंडून शब्द बाहेर पडला.

"आबा."

"पेंडीचं सांगितलंस काल."

"पेंडीचं न्हाय. ती आजारी न्हाय."

"मग?"

"ती बाजूला बसलीच न्हाय. म्हंजे बसली, पर बसायसारखं काय नव्हतं. मीच बसवली. अभ्यासाला सवड घावावी म्हणून." त्याचे कान आता इतके लाल झाले होते की त्यांच्यावर चहा उकळला असता. "पहिल्यांदाचं खरं हुतं. नंतरची सगळी माझी."

"तुझी?" शकुआत्यानं विचारलं.

"म्हंजे माझी कल्पना."

गोठ्यात गाय हंबरली.  आबांनी कपाकडं बघितलं, जीपकडं बघितलं, आणि मग लेकाकडं बघितलं.

"म्हंजे आईला खोटं सांगितलंस तू," ते म्हणाले. "चांगलं दोन-तीनदा. आन् मी दिलेला शब्द त्याच्यापायी मोडाय निघालो हुतो." आता मात्र त्यांच्या आवाजातली माया आटली होती.

"आबा, चूक माझी बी हाय," संस्कृती दारातून म्हणाली. "मी हो म्हणाले."

"मला कुणी खोटं सांगितलं न्हाय," कुशाबाई चहा गाळता गाळता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"मला पहिल्या दिसापासनं म्हाईत हाय." तिनं गाळणी खाली ठेवली. "मी ज्वारी पाखडत हुते आन् ह्यो येऊन म्हणतो, आई, ती बाजूला बसलीय. आरं बाबा, मी ह्या घरात नांदाय आल्यापासनं एका तरी गड्यानं हे तोंडानं सांगितलंय का? सून आपलं आपलं हातरूण खोलीत नेती, सासू बघती, झालं. बापयाला त्यातलं काय कळतंय? तुझ्या बापाला इचार बरं, माझी अडचण कवा असायची ते."

आबांना जोराचा खोकला आला.

युवराजच्या डोळ्यांसमोरून सूप, मोठा बल्ब, लोणी, लग्नाला जाताना हलणारे खांदे, असं सगळं एकापाठोपाठ गेलं. म्हणजे आई विसरत नव्हती, तिला दमही लागला नव्हता आणि तिचे कानही ठणठणीत होते. (तो दिवसभर तिच्याशी मोठ्यानं बोलला होता, तेव्हा ती एका शब्दानं काही म्हणाली नव्हती.)

"मग बोलला का न्हाईत, आई?" संस्कृतीनं विचारलं.

"काय बोलायचं?" कुशाबाईनं तिच्याकडं बघायचं टाळलं. "मी बी बसायची जास्तीची. उसाचा हंगाम आला की दिसभर रानात, आन् घरात खाणारी तोंडं पंगतीएवढी. लई दमले की हातरूण उचलायची आन् खोलीत न्यायची. मला कुठलं शिकायचं आलंय. नुसतं झोपाय. सासूबाईंना कळत नसंल व्हय? पर कवा बोलल्या न्हाईत. ताट सरकवायच्या आन् दार पुढं लोटून घ्यायच्या, माझ्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून." तिनं गाळणी परत उचलली. "हिला झोप नको हुती, उजेड पायजे हुता. म्हणून बल्ब बदलला. दुसरं काय केलं मी?"

संस्कृती उंबरा ओलांडून आली आणि सासूजवळ चुलीपाशी खाली बसली. बाजूला बसलेल्या बाईनं असं चुलीपाशी यायचं नसतं, पण ते आठवायला कुणाला सवड नव्हती.

फक्त शकुआत्याच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. "वैनी," ती सावकाश म्हणाली, "तू खोलीत झोपायचीस, तवा भाकऱ्या कोन थापायचं?"

"तू," कुशाबाई म्हणाली.

"आन् मी साऱ्या गल्लीला सांगत हिंडायची, आमची वैनी लई नाजूक हाय म्हणून." शकुआत्यानं फडक्यात बांधलेल्या मनगटाकडं बघितलं. "तरीच म्हणलं, एवढं कशानं झिजलंय."

पहिल्यांदा कुशाबाई हसली, मग शकुआत्या, मग संस्कृती. तिघी जणी एकमेकींच्या अंगावर रेलून हसत राहिल्या. दोन्ही बापयांना तिथं उभं राहणं अवघड झालं.

"मी मोटर बघून येतो," आबा म्हणाले.

"लाइट न्हाय, आबा," युवराज म्हणाला.

"मग लाइट आली का बघून येतो." ते फाटकापर्यंत गेले आणि पाठमोरेच थांबले. "जीप मागितलीच हाय तर राहू दे उद्यापातूर. पेपरला तिच्यातनंच न्या. मोटारसायकलवर धक्क्यानं पाठ केलेलं सांडायचं."

मंगळवारी इंदापूरला सेंटरच्या बाहेर लिंबाखाली आईबापांची गर्दी होती. युवराज त्यांच्यात एकटाच नवरा. एका बाईनं त्याला विचारलं, "भन हाय का आत?" तो 'बायको' म्हणायला लाजला, आणि 'बहीण' तर म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यानं नुसतं "आमच्यातली हाय" असं सांगितलं. मग पेपर सुटेपर्यंत तो मनातल्या मनात भाकऱ्या थापत सूत्रं म्हणत राहिला. आतपर्यंत पोचतील, असं काहीतरी त्याला वाटत होतं.

संस्कृती सगळ्यांत शेवटी बाहेर आली. तोंडावरून काही कळेना.

"कसा गेला?"

"भाकरी आली हुती," ती म्हणाली.

"कसली भाकरी?"

"तुमी थापलेली. दुसरी. तसल्याच वाकड्यातिकड्या आकाराचं क्षेत्रफळ काढा म्हणून." ती जीपमध्ये चढली आणि त्याला जागा द्यायला सरकली. "उठून न्हाय आले. सोडवली."

निकाल मे महिन्यात लागला. मोबाईलला नेटची रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर मिळायची, म्हणून सगळं घर विहिरीवर उभं होतं. गणित सुटलं होतं, आणि चांगलं सुटलं होतं. आबांनी टोपी सरळ केली आणि दुसऱ्याच दिवशी बारामतीच्या कॉलेजात चौकशी करून आले. शब्द म्हणजे शब्द.

जूनपासून संस्कृती सकाळच्या एसटीनं बारामतीला जायला लागली. कुशाबाईनं गोठा घेतला आणि भाकऱ्या, एव्हाना हात बसलाच आहे म्हणून, युवराजकडं आल्या. बाजूची खोली आता बाराही महिने संस्कृतीच्या अभ्यासाची झाली, आणि तिथं बसायला कुणाला काही कारण सांगावं लागत नव्हतं.

एका रविवारी कुशाबाई सोडून सगळे ओसरीवर बसलेले असताना संस्कृती म्हणाली, "ह्यांनी दहावीला बाहेरनं बसायचं. मी शिकवते. ह्यांना इंटिग्रेशन कळलंय, एक्स कळायला कितीसा येळ लागतोय?"

युवराजनं नववीतल्यासारखी मान खाली घातली. पण सगळे वाट बघत होते, म्हणून त्याला काहीतरी बोलणं भाग होतं.

"मला सवड कुठाय?" तो म्हणाला. "सकाळी धारा, मग भाकऱ्या, मग रान. पुस्तक कवा उघडायचं?"

 खरंच होतं ते. मग आबांनी टोपी मांडीवर ठेवली, आत ज्वारी पाखडत बसलेल्या कुशाबाईकडं तोंड केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो विषय स्वतःच्या तोंडानं काढला.

"अगं ऐकलंस का," ते म्हणाले, "युवराज बाजूला बसलाय."

आतलं सूप थांबलं.

"बरं," कुशाबाई म्हणाली. सूप परत चालू झालं. "पर त्याला म्हणावं, आधी भाकऱ्या थाप आन् मग बस."